बॅकअप चालू आहे, पण शेवटचा कधी झाला?

शाळेत प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे दिवस आले की घराघरांत कागदपत्रांची शोधाशोध सुरू होते. आपल्यातली बागवान, मोमीन, पिंजारी अशी कितीतरी कुटुंबं ओबीसीत येतात. त्यांना जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आता १९६७ पूर्वीचा कागद म्हणजे काय? आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, एखादा प्रवेश-निर्गम उतारा, किंवा पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला कुठला तरी दस्त. तो एकच असतो आणि त्यावर भावंडांच्या, चुलत भावंडांच्या सगळ्या मुलांची शिक्षणं अवलंबून असतात.

शहाण्या घरांनी या कागदाचे फोटो काढून ठेवलेत. निकाहनामा, पासपोर्ट, घराचे कागद, अम्मीच्या ऑपरेशनचे रिपोर्ट, सगळं फोनमध्ये आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडला घरांत पाणी शिरलं तेव्हा लोखंडी कपाटातले कागदही लगदा झाले. त्यानंतर तर ‘फोनमध्ये ठेवा, क्लाउडवर टाका’ हे आपण एकमेकांना सांगू लागलो. चांगलंच झालं.

पण घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, ‘‘सगळं गुगलवर आहे, काळजी नाही.’’ त्यावर एकच प्रश्न विचारून बघा. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेला झाला? बहुतेक जण गप्प होतात. बॅकअप एकदा चालू केला की तो जन्मभर चालतो असं आपण धरून चालतो, आणि तसं होत नाही. बॅकअप करणारं अ‍ॅप किंवा सॉफ्टवेअर जुनं झालं की ते एक दिवस थांबतं. थांबताना आवाज करत नाही. कळतं ते फोन हरवल्यावर, फुटल्यावर, पाण्यात पडल्यावर.

पोस्ट ऑफिस आणि पोस्टमन

क्लाउड म्हणजे आकाशातलं काही नव्हे. गुगल, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल अशा कंपन्यांचे मोठमोठे संगणक असतात, तिथे आपल्या फायलींची प्रत राहते. हे झालं पोस्ट ऑफिस. पण तुमच्या घरातलं पत्र तिथपर्यंत नेतो कोण? तुमच्या फोनमधलं किंवा कॉम्प्युटरमधलं अ‍ॅप. तो झाला पोस्टमन. पोस्ट ऑफिस चोवीस तास उघडं असलं तरी पोस्टमन यायचा बंद झाला तर पत्रं घरातच पडून राहणार.

हा पोस्टमन यायचा का थांबतो? पहिलं कारण म्हणजे तिकडच्या ऑफिसचे नियम बदलतात. लॉगिनची पद्धत बदलते, डेटा कुलूपबंद करून पाठवण्याची पद्धत जास्त कडक होते. नव्या अ‍ॅपला हे नियम माहीत असतात, जुन्याला नसतात. मग जुन्या अ‍ॅपला दारातूनच परत पाठवतात. दुसरं कारण म्हणजे आपला फोन बदलतो. अँड्रॉइडचं नवं व्हर्जन आलं की फोटो वाचण्याची परवानगी, मागे चालू राहण्याची मुभा, बॅटरी वाचवण्याचे नियम, सगळं थोडंफार बदलतं. अ‍ॅप अपडेट नसेल तर ते अडखळतं. तिसरं कारण म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये चुका राहतात, चोरांना त्या सापडतात आणि कंपनी अपडेट देऊन ते भोक बुजवते. अपडेट न करणाऱ्याचं भोक उघडंच राहतं.

हे खरंच घडलेलं आहे

आपल्याकडे ज्यांच्या घरी किंवा दुकानात कॉम्प्युटर आहे, त्यांच्यापैकी अनेकांनी गुगलचं ‘बॅकअप अँड सिंक’ वापरलेलं असेल. २०१७ मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर ठरावीक फोल्डर आपोआप गुगल ड्राइव्हवर आणि फोटोजवर चढवायचं. गुगलने त्याच्या जागी ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ आणलं आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून जुनं चालेनासं झालं. ज्यांनी नवं घातलं त्यांचं काम पुढे चाललं. बाकीच्यांचे आधीचे फोटो क्लाउडवर राहिले, पण त्या तारखेनंतरचं कॉम्प्युटरवरचं काहीच वर गेलं नाही.

मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचंही तसंच झालं. विंडोज ७, ८ आणि ८.१ वर चालणाऱ्या वैयक्तिक वनड्राइव्हने १ मार्च २०२२ पासून फायली क्लाउडवर पाठवणं बंद केलं. कॉम्प्युटर सुरू होत होता, फोल्डर दिसत होतं, त्यात फाइल सेव्हही होत होती. फक्त ती वर जात नव्हती. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलच्या ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’नेही विंडोज ८ आणि ३२ बिट विंडोजला रामराम केला.

या तिन्ही गोष्टींत एक सारखेपणा आहे. जुना डेटा कुणी पुसला नाही, त्यामुळे उघडून पाहिलं तर फोटो दिसतात आणि आपण निश्चिंत होतो. धोका नव्या डेटाला असतो. २०२० चा फोटो सापडतो, २०२४ चा सापडत नाही. म्हणून ‘फोटो दिसतात का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कालचा फोटो दिसतो का’ असं विचारायला हवं.

सुरक्षेची गोष्ट याहून कडू आहे. वेस्टर्न डिजिटल कंपनीची ‘माय बुक लाइव्ह’ नावाची हार्ड डिस्क होती. घरात ठेवायची, इंटरनेटला जोडायची आणि बाहेरून कुठूनही आपले फोटो बघायचे, म्हणजे घरातलाच छोटा क्लाउड. कंपनीने तिला शेवटचं अपडेट २०१५ मध्ये दिलं. तरी लोकांनी ती वापरणं चालू ठेवलं, कारण ती चालत होती. जून २०२१ मध्ये हल्लेखोरांनी इंटरनेटवरून या डिस्कना सगळं पुसून टाकण्याची आज्ञा दिली. जगभरातल्या अनेक घरांतले वर्षानुवर्षांचे फोटो एका रात्रीत गेले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्यूनॅप कंपनीच्या ‘हायब्रिड बॅकअप सिंक’ या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं. दुरुस्तीचं अपडेट आणि हल्ला, दोन्ही एकाच महिन्यातले. ज्यांनी अपडेट घातलं नव्हतं त्यांच्या फायलींना चोरांनी कुलूप लावलं आणि ते उघडायला बिटकॉइनमध्ये पैसे मागितले. ज्या सॉफ्टवेअरवर रक्षणाची जबाबदारी होती त्याच्याच दारातून चोर आत शिरले.

अपडेटनेच बिघडलं तर?

‘‘अपडेट केलं आणि फोन बिघडला,’’ ही तक्रार खोटी नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’च्या ८४ क्रमांकाच्या व्हर्जनमध्ये असा बिघाड झाला की काही लोकांच्या वर न चढलेल्या फायली कॉम्प्युटरवरून दिसेनाशा झाल्या. गुगलने तेव्हा सांगितलं की अकाउंट डिस्कनेक्ट करू नका आणि अ‍ॅपचं फोल्डर पुसू नका. पुढच्या महिन्यात आलेल्या ८५ क्रमांकाच्या व्हर्जनमध्ये हरवलेल्या फायली परत आणण्याची सोय दिली.

यातून दोन धडे घ्यायचे. बिघाड दिसला की घाईने अ‍ॅप काढून टाकू नका, लॉगआउट करू नका, कारण वर न गेलेल्या फायली त्या अ‍ॅपच्याच पोटात असू शकतात. आणि अपडेटचा बिघाडही शेवटी पुढच्या अपडेटनेच दुरुस्त होतो. अपडेट बंद करून बसणारा त्या दुरुस्तीलाही मुकतो.

फोनमध्ये काय बघायचं

आता कामाचं बोलू. आपल्याकडे बहुतेकांचे फोन अँड्रॉइड आहेत, म्हणून तिथून सुरुवात करू.

प्ले स्टोअर उघडा. वर कोपऱ्यात आपला फोटो किंवा नावाचं अक्षर असतं, ते दाबा. ‘मॅनेज अ‍ॅप्स अँड डिव्हाइस’मध्ये किती अपडेट बाकी आहेत ते दिसतं. गुगल फोटोज, गुगल ड्राइव्ह, व्हॉट्सअ‍ॅप ही नावं यादीत असतील तर ती आधी करा. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये आपोआप अपडेट होण्याची सोयही असते. ती बहुधा ‘फक्त वायफायवर’ अशी लावलेली असते. घरात वायफाय नसेल आणि फोन कायम सिमच्या डेटावर असेल तर अपडेट महिनोन्महिने अडून राहतं. अशा घरांनी डेटावर अपडेट होऊ द्यावं किंवा महिन्यातून एकदा हाताने करावं.

एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. फोन खूप जुना असेल तर प्ले स्टोअर ‘अपडेट बाकी नाही’ असंच दाखवेल. याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नव्हे. नवं व्हर्जन त्या फोनवर चालतच नाही म्हणून ते दाखवलं जात नाही, असंही असू शकतं. अब्बांना दिलेला सात-आठ वर्षांपूर्वीचा फोन असेल तर त्यातले कागदांचे फोटो आजच दुसऱ्या फोनवर घ्या.

त्यानंतर गुगल फोटोज उघडा आणि कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा. बॅकअप पूर्ण झाला, बंद आहे, की अडकला आहे, ते तिथेच लिहिलेलं असतं. अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे जागा संपणं. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद मोफत सोय बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांना मिळून १५ जीबी मोफत आहे, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. जागा भरली की अ‍ॅप कितीही नवं असलं तरी काही वर जात नाही. ‘गुड मॉर्निंग’चे व्हिडिओ, शादीचे एकसारखे पन्नास फोटो काढून टाका. किंवा घरात ठरवून जागा विकत घ्या.

याच पानावर ‘डिव्हाइस फोल्डर्स’ हा पर्याय शोधा. कॅमेऱ्याने काढलेले फोटो आपोआप वर जातात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि ते फोल्डर आपण निवडल्याशिवाय वर जात नाही. कुवेतहून भावाने पाठवलेला व्हिसाचा फोटो, खालाने पाठवलेला जुना दाखला इथेच राहून जातो. पीडीएफ तर गुगल फोटोजमध्ये जातच नाही. ती हाताने गुगल ड्राइव्हवर चढवावी लागते.

आयफोन वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये वरच्या आपल्या नावावर दाबून आयक्लाउडचा बॅकअप बघावा. तिथे शेवटच्या बॅकअपची वेळ दिसते. मोफत जागा मात्र ५ जीबीच आहे, ती लवकर भरते.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं बघा

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप. तिथे शेवटच्या बॅकअपची तारीख आणि वेळ असते. तारीख कालची-परवाची असेल तर ठीक. दोन महिन्यांपूर्वीची असेल तर बाकीचं सगळं सोडून आधी ‘बॅक अप’ दाबा.

आखातात नोकरी करणाऱ्यांनी आणि तिथून परतणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप परत मिळवायला तोच फोन नंबर आणि तेच गुगल अकाउंट लागतं. तिकडचं सिम बंद करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘चेंज नंबर’ सोयीने भारतातला नंबर लावून घ्या आणि मग नवा बॅकअप करा. बॅकअपला स्वतःचा पासवर्ड लावण्याची सोय २०२१ पासून आहे. ती चांगली आहे, पण तो पासवर्ड विसरला तर व्हॉट्सअ‍ॅपही कुलूप उघडून देऊ शकत नाही. तो वहीत लिहून कपाटात ठेवा.

दुकानातला, घरातला कॉम्प्युटर

विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. कॉम्प्युटर त्यानंतरही चालतो, पण पाया जुना झाला की त्यावर उभी सॉफ्टवेअरं एकेक करून साथ सोडतात. विंडोज ७ आणि ८ चं तेच झालं. खाली उजव्या कोपऱ्यात ढगाचं चिन्ह असतं, त्यावर लाल खूण किंवा उभी रेघ तर नाही ना, हे दुकान उघडल्यावर बघायची सवय लावा. तिथे क्लिक केलं की काय अडलं आहे ते वाचता येतं.

इथे एक गैरसमजही दूर करू. सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिंकमध्ये इकडे फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते. गुगल ड्राइव्हच्या आणि वनड्राइव्हच्या कचरापेटीत ती साधारण ३० दिवस राहते. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला तर ६० दिवस मिळतात. मग कायमची जाते. म्हणून फार मोलाच्या कागदांची एक प्रत पेनड्राइव्हवर, तीही दुसऱ्या घरी, चाचांकडे किंवा मामांकडे असू द्या.

अपडेटच्या नावाने फसवणूक

‘तुमचा बॅकअप बंद होणार आहे, लगेच अपडेट करा’ असा मेसेज आणि खाली लिंक आली तर ती दाबू नका. अपडेट प्ले स्टोअरमधून किंवा अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरमधून होतं, कॉम्प्युटरवर त्या सॉफ्टवेअरच्या आतून होतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एपीके फाइलमधून होत नाही. खरं अपडेट ओटीपी मागत नाही, बँकेचा नंबर मागत नाही. घरातल्या बुजुर्गांना एवढं पक्कं सांगून ठेवा की अपडेटचा मेसेज आला तर फोन मुलांच्या हातात द्यायचा.

अकाउंट जिवंत ठेवा

सॉफ्टवेअर नवं आहे, जागा आहे, पण अकाउंटलाच कुणी हात लावलेला नाही, असंही होतं. १ डिसेंबर २०२३ पासून गुगलचा नियम असा आहे की दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक अकाउंट पुसलं जाऊ शकतं. जुन्या फोनबरोबर पडून राहिलेलं एखादं अकाउंट असेल आणि त्यात फोटो असतील तर त्यात लॉगिन करा. पासवर्ड विसरल्यावर कोड ज्या नंबरवर येतो तो आजचा आहे का, तेही बघा. घरातला कर्ता माणूस अचानक गेला तर त्याच्या फोनमधले कागद कुणाला मिळावेत, हे गुगलच्या ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये आधीच नोंदवता येतं. हा विषय काढायला जड जातो. पण घराचे कागद आणि विम्याची पॉलिसी शोधत फिरणारी बेवा बघितली की तो वेळेवर काढलेलाच बरा वाटतो.

खरी परीक्षा

वर्गात मुलं ‘मला सगळं येतं’ म्हणतात, पण येतं की नाही ते पेपर दिल्यावर कळतं. बॅकअपचंही तसंच आहे. त्याची परीक्षा म्हणजे परत आणून बघणं. दुसऱ्याचा फोन किंवा कॉम्प्युटर घ्या, आपल्या अकाउंटमध्ये लॉगिन करा आणि तीन गोष्टी शोधा: एक जुना कागद, एक गेल्या आठवड्यातला फोटो आणि एक पीडीएफ. तिन्ही उघडल्या, अक्षरं नीट वाचता आली, तर तुम्ही पास. मग त्या फोनवरून लॉगआउट करायला विसरू नका.

हे सगळं महिन्यातून एकदा, दहा मिनिटांत होतं. महिन्याची पहिली तारीख धरा किंवा चाँदरात धरा, जे लक्षात राहील ते. घरात आठवी-नववीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम त्यांच्याकडे द्या. दिवसभर फोन हातात असतोच, त्यातली दहा मिनिटं घराच्या कामाची. एका वहीत चार रकाने आखायला सांगा: तारीख, कुणाचा फोन, अपडेट केलं का, शेवटचा बॅकअप कधीचा. अम्मी, अब्बा, दादी सगळ्यांचे फोन त्यात येऊ द्या. पहिल्याच महिन्यात एखाद्या फोनपुढे मागच्या वर्षाची तारीख निघाली तर घाबरू नका. फोन अजून हातात आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही. त्याच दिवशी वायफायला लावा, अपडेट करा आणि तारीख आजची होईपर्यंत तो चार्जिंगवरून काढू नका.